लिंबातलं बुलबुलाचं घरटं आणि पुढं ढकललेली फवारणी



जुलै महिन्यात पानावर नोंदी कमी पडल्या. दोघातिघांनी फोन करून विचारलं, बरं आहे ना म्हणून. सगळं बरं आहे. लिंबाच्या बागेत चौथ्या ओळीत सातव्या झाडावर लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं होतं आणि सकाळचा तास-दीड तास माझा तिथंच जात होता. नोंदी घेतल्यात, पण पोरीच्या वहीत. त्या आज एकत्र करून टाकतोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

ज्यांना आमची बाग माहीत नाही त्यांच्यासाठी: श्रीगोंदा तालुका, दीड एकर साई शरबती लिंबू, ६ बाय ६ मीटरवर १६५ झाडं. पश्चिमेच्या बांधाला बाभळी आणि घाणेरी माजलेली, त्याच्या पलीकडं धाकट्याचा मूग. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्या मुगाचं काम आहे.

घरटं पहिल्यांदा दिसलं २४ जूनला, आर्द्राचा पाऊस पडून वाफसा आला होता तेव्हा. मी आळ्यातलं तण काढत होतो. डोक्याच्या जरा खाली, साधारण चार फुटांवर, तीन फांद्यांच्या बेचक्यात वाटीसारखं काहीतरी दिसलं. आधी वाटलं पालापाचोळा अडकलाय. मग एक बुलबुल तोंडात मुळीचा धागा घेऊन आला, मला बघून बाजूच्या झाडावर बसला आणि जी कटकट सुरू केली ती मी तिथून हललो तेव्हाच थांबली.

लिंबाचं झाड का निवडत असतील हे ज्यानं लिंबू तोडलंय त्याला सांगायला नको. माझ्या हाताला काटे टोचतात तसे मांजराच्या पायालाही टोचतात. पेरूच्या झाडावर गेल्या वर्षी घरटं केलं होतं ते मांजरानं तीन दिवसांत साफ केलं. यंदा काट्यात आले.

अंडी २८, २९ आणि ३० जूनला, रोज सकाळी एक. फिकट गुलाबी, त्यावर तांबडे-तपकिरी ठिपके, कुणी कुंकवाचा हात झटकावा तसे. अंडी बघायला मी एकूण तीनदा वाकलो, तेही पाखरू घरट्यावर नसताना, आणि पाच-सहा सेकंद. नंतर वाकणं बंद. दोन ओळी सोडून पालथं कॅरेट टाकलं, त्यावर गोणपाट, आणि तिथून बघायचं. फोटो मागणाऱ्यांनी नाराज होऊ नका, पण घरट्याचा जवळून फोटो माझ्याकडं एकही नाही. कावळा आपल्यावर नजर ठेवून असतो. माणूस रोज एका झाडापाशी जाऊन वाकतो म्हणजे तिथं काहीतरी आहे, हे त्याला दोन दिवसांत कळतं. पानांची फांदी बाजूला बांधून फोटो काढणारे लोक बघितलेत मी. त्या फोटोला लाइक खूप पडतात, पण पिलांवर ऊन आणि शत्रू दोन्ही सरळ पडतात.

नर कुठला, मादी कुठली, हे बुलबुलात दिसून कळत नाही. दोघांचा एकच पोशाख: काळं डोकं, त्यावर छोटी शेंडी, अंग तपकिरी खवल्याखवल्याचं, बुडाला लाल ठिपका. आमच्यातल्या एकाचं शेपटीचं एक पीस मोडलेलं होतं, म्हणून पोरीनं त्याचं नाव तुटका ठेवलं. दुसरा तो नुसता दुसरा. दुसरा अंड्यावर जास्त बसायचा, तुटका बाभळीच्या शेंड्यावरून राखण करायचा. त्यावरून दुसरी ती मादी असावी असं धरून चाललो.

१२ जुलैला सकाळी तुटका तोंडात बारकी हिरवी अळी घेऊन आला. अंड्यावर बसलेलीला चारतोय का असं वाटलं, पण ती बाजूला सरली आणि तो घरट्यात वाकला. तेव्हा कळलं, पिलं निघाली. दुसऱ्या दिवशी तिसरंही निघालं, कारण अंड्याचं टरफल दूर मुगात नेऊन टाकताना दुसरीला बघितलं.

आता अडचण सांगतो. १४ जुलैला फवारणी ठरलेली होती.

लिंबू करणाऱ्याला जुलैचं महत्त्व माहीत आहे. पाऊस झाला की नवी पालवी फुटते, कोवळी, तांबूस, मऊ. त्या पालवीवर नागअळी येते, पानात नागमोडी बोगदा करते, आणि त्या जखमेतून खैऱ्या आत शिरतो. रिमझिम, ढगाळ, वारा असं आठ दिवस राहिलं की पानावरून फांदीवर आणि फांदीवरून फळावर. खैऱ्याचे डाग पडलेलं लिंबू रसाला तेवढंच असतं, पण व्यापारी ते हातात घेऊन फिरवतो आणि बाजूच्या ढिगात टाकतो. म्हणून या दिवसांत ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि त्यात अळीचं औषध मिसळून मारायचं, ही आमची दर वर्षाची रीत. ब्लोअरवाल्याला सांगून ठेवलेलं होतं. त्याच टाकीत उरलेलं धाकटा मुगावर मारणार होता, कारण मुगात पानं खाणारी अळी दिसायला लागली होती.

धाकट्याचं म्हणणं मी इथं पूर्ण लिहितो, कारण ते चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, पाखरू दरवर्षी घरटं करतं. फांदीला खैऱ्या बसला की तो छाटूनच काढावा लागतो. एकशेपासष्ट झाडं एका घरट्यासाठी थांबवायची का? आणि पाखरू तरी कुठलं? बुलबुल! पेरू टोचणारं."

शेवटचा मुद्दा खरा आहे. द्राक्षवाल्यांना विचारा बुलबुल म्हणजे काय. आमच्या दारातल्या पेरूला एक फळ अखंड राहत नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी अशा १०० परक्या प्रजातींची एक यादी निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं केलीय, त्यात पक्षी फक्त तीन आहेत. एक आपली साळुंकी, दुसरा आपला हाच लालबुड्या बुलबुल. तिसरा युरोपातला, आपल्या भोरडीच्या नात्यातला. हवाई, फिजी, ताहिती अशा बेटांवर माणसानं बुलबुल नेऊन सोडले आणि तिथं त्यांनी फळबागांना जेरीस आणलं. आपल्याकडं तो घरचा आहे, त्याच्यावर शिक्रा आहे, साप आहे, सरडा आहे, म्हणून आवरला जातो. बांधावरची घाणेरी ज्यांनी पसरवली त्यातही हा पहिल्या रांगेत आहे. फळ खातो आणि बी टाकत फिरतो. तेव्हा बुलबुल म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, असं पोस्टर मी लावणार नाही.

पण मी दोन दिवस कॅरेटवर बसून काय बघितलं तेही सांगायला पाहिजे. पहिल्या चार-पाच दिवसांत त्या घरट्यात फळ जवळजवळ गेलंच नाही. गेले ते किडे. पिलू उघडंनागडं, डोळे मिटलेले, चोच सगळ्या अंगापेक्षा मोठी. त्याला वाढायला प्रथिनं लागतात, आणि पेरूच्या गरात ती नसतात. आपण कोंबडीच्या पिलाला चिक स्टार्टर घालतो तेच गणित. मोठा बुलबुल स्वतः घाणेरीची फळं खाऊन यायचा आणि पिलासाठी मात्र अळी शोधत फिरायचा.

पोरगी सातवीला आहे. तिला वही दिली आणि म्हणलं, एक तास धरून किती फेऱ्या आणि तोंडात काय, एवढंच लिहायचं. दिसलं नाही तर "दिसलं नाही" लिहायचं, अंदाज करायचा नाही. १४ तारखेला सकाळी साडेसहा ते साडेसात: १४ फेऱ्या. हिरवी अळी ६, नाकतोडा २, पतंग १, कोळी १, दिसलं नाही ४. दुपारी बारा ते एक: ५ फेऱ्या. ऊन तापलं की दुसरी पंख पसरून घरट्यावर सावली धरून बसायची, मग एकट्या तुटक्यावर सगळं. संध्याकाळी पाच ते सहा: ११.

त्या हिरव्या अळ्या कुठून येत होत्या? मला आधी वाटलं लिंबावरून. आम्ही लिंबूवाले सगळे असंच धरून चालतो, की पाखरं बागेत फिरतात म्हणजे बागेतली अळी खातात. पण तुटका दर वेळी बांध ओलांडून मुगातून येत होता. लिंबाच्या पालवीवर फुलपाखराची अळी होती, बारकी असते तेव्हा पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते ती, आणि मोठी झाली की हिरवीगार. दुसरीनं माझ्यादेखत एका मोठ्या हिरव्या अळीला दोनदा चोच लावली. अळीनं डोक्यामागून तो नारिंगी दुबेळका काढला, उग्र वास सोडला, आणि दुसरीनं चोच फांदीला पुसून टाकली. पुन्हा त्या अळीच्या वाटेला गेली नाही. म्हणजे माझ्या लिंबावरची ती अळी या घराण्यानं फारशी खाल्लीच नाही. खाल्ली ती धाकट्याच्या मुगातली.

हे मी त्याला वही दाखवून सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "मग तर बरंच की. मुगाचं बुलबुल बघतील, लिंबाचं तू बघ."

मग बांधावर बसून हिशोब केला. अडचण दोन प्रकारची होती. एक ब्लोअर. त्या वाऱ्यानं झाड हलतं, पानं उलटी होतात, तुषार सगळीकडं घुसतो. चार दिवसांच्या उघड्या पिलाला तो गार मारा आणि तो हिसका, औषध कुठलंही असो, पुरेसा आहे. दुसरी अडचण अळीच्या औषधाची, आणि ती घरट्यापासून दूर मारलं तरी सुटत नव्हती. मुगात औषध मारलं की अळी लगेच मरत नाही, आधी सुस्त होते. सुस्त अळी पाखराला सगळ्यात सोपी. तासाला दहा-बारा फेऱ्या म्हणजे दिवसाला शंभरावर घास, त्यातले निम्मे त्याच मुगातले. मोठा बुलबुल भरला तर ४० ग्रॅमच्या आसपास, पिलू त्याहून कितीतरी कमी. डोस कसा लागू पडेल ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं.

हे नुसतं माझ्या मनचं नाही. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं. उत्तर अमेरिकेतून तिथं हिवाळा काढायला येणारे स्वेन्सन जातीचे बाज ते नाकतोडे खायचे. ते हजारोंनी शेतात मरून पडले. त्यांना कुणी मारायला गेलं नव्हतं. हेच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडं भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई आहे, तरी कितीतरी वर्षं वांग्यावर आणि मिरचीवर मारलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. या गटातली औषधं पाखराच्या नसांवर जिथं काम करतात तिथंच माणसाच्याही करतात. २०१७ ला यवतमाळकडं कापूस फवारताना माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. दुकानदार सांगतो "पाखराला काही होत नाही", तेव्हा तो बाटली विकत असतो. घास मोजायला तो बांधावर आलेला नसतो.

आता कृषीवाले मित्र विचारतील, मग काय केलंस ते सांग. सांगतो.

आधी मोजलं. वीस झाडं निवडली, प्रत्येकाच्या चार बाजूंच्या कोवळ्या फुटी बघितल्या. नागअळी होती, पण ठराविक चार-पाच झाडांवर जास्त आणि बाकीकडं तुरळक. फुलपाखराची अळी हातानं वेचता येईल एवढीच. खैऱ्या मात्र जुन्या पानांवर होता आणि पाऊस चालू होता, म्हणजे तांब्याची फवारणी टाळण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून टाकीत नुसतं ताम्रयुक्त बुरशीनाशक घेतलं. ब्लोअर चौथ्या ओळीच्या त्या भागात नेला नाही. घरट्याचं झाड आणि त्याच्या भोवतीची आठ, अशी नऊ झाडं सोडली, त्यांना लाल चिंध्या बांधल्या. बाकी १५६ झाडांवर फवारणी वेळेवर झाली. नऊ झाडांवरच्या अळ्या मी आणि पोरीनं सकाळी बादलीत साबणाचं पाणी घेऊन वेचल्या, एका सकाळी ३७ निघाल्या. घरट्याच्या झाडाच्या खालच्या फांद्या सोडून दिल्या.

मुगावर पाच टक्के निंबोळी अर्क. त्यासाठी अण्णांनी गेल्या उन्हाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या होत्याच. पाच किलो कुटून रात्रभर भिजवल्या, सकाळी फडक्यातून गाळलं, शंभर लिटर केलं. धाकटा नाराज होता. "आठ दिवस देतो," एवढंच म्हणाला. त्याचं पीक, त्याचा शब्द. मीही त्याच्यावर जास्त ओढलं नाही, कारण मुगाला नुकसान झालं असतं तर ते त्याच्या खिशातून गेलं असतं, माझ्या नाही. दुसऱ्याच्या खिशातून पाखरं वाचवणं सोपं असतं.

ब्लोअरवाल्याला लाल चिंध्या बघून काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, "काही देवाचं आहे का?" अण्णा म्हणाले, "हां, तसंच समज." त्यानं लांबूनच हात जोडले आणि ट्रॅक्टर वळवला.

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. पाचव्या दिवशी पिलांचे डोळे उघडले असावेत, कारण आई-बाप यायच्या आधीच माना वर व्हायला लागल्या. त्याआधी घरटं हललं की माना वर यायच्या, वाऱ्यानं हललं तरी. अंगावर साळिंदरासारखी निळसर टोकं आली, ती फुटून पिसं निघतात. घरट्याची स्वच्छता बघून तर घरातल्या माणसांनी शिकावं. पिलाची विष्ठा पातळ पिशवीत बांधलेली येते. सुरुवातीला आई-बाप ती गिळूनच टाकत, नंतर चोचीत धरून पार बांधापलीकडं नेऊन टाकत. घरट्याखाली एक पांढरा थेंब नव्हता. वासानं किंवा डागानं कुणाला पत्ता लागायला नको, म्हणून.

सहाव्या दिवसानंतर खाण्यात फळं यायला लागली. घाणेरीची काळी फळं, पिकलेली लिंबोळी, एकदा तर लाल मिरचीचा तुकडा. १७ तारखेला संध्याकाळी पाऊस उघडला आणि वारुळातून पंखवाली वाळवी निघाली. त्या वीस मिनिटांत दोघांनी फेऱ्या मोजू दिल्या नाहीत. हवेत उडी, झडप, घरटं, परत उडी. पोरीनं वहीत लिहिलंय: "खूप". मी ते तसंच ठेवलंय.

सालिम अली १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणीची घरटी असेच बसून बघत होते. नर एकामागून एक घरटी अर्धवट विणतो, मादीला पसंत पडलं की पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी पुढचं विणायला घेतो, हे त्यांनी त्या बसण्यातून जगाला सांगितलं. त्यांच्याकडं दुर्बीण आणि चिकाटी होती. आमच्याकडं कॅरेट आणि वही. पण पालथ्या कॅरेटवर अर्धा तास न हलता बसलं की शेत आपल्याला विसरतं आणि आपापल्या कामाला लागतं, हे मात्र कुणालाही अनुभवता येईल.

१९ जुलै. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी बागेच्या दुसऱ्या टोकाला ठिबकची लॅटरल जोडत होतो. चौथ्या ओळीकडून एकदम गलका उठला. बुलबुलाची नेहमीची कटकट वेगळी आणि ही वेगळी, ही फाटलेली होती. त्यात शिंपी ओरडत होता, शिंजीर ओरडत होता, बांधावरून सातभाईंची अख्खी टोळी आली. मी पळत गेलो. घरट्याच्या झाडात भारद्वाज होता. काट्यांतून वर चढत, पंख न उघडता, फांदीवरून फांदीवर, जसं काही शिडी लावलीय. मी ओरडून ढेकूळ फेकेपर्यंत तो बाहेर पडला आणि बांधाच्या घाणेरीत शिरला. चोचीत एक पिलू होतं.

भारद्वाज दिसला की आपल्याकडं दिवस चांगला जातो म्हणतात. आई सकाळी त्याला बघून अजून हात जोडते. त्या दिवशी ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "त्यालाही पिलं असतील."

असतील. त्याचाही हाच हंगाम. आणि हाच भारद्वाज पावसाळ्यात बांधाच्या कडेनं गोगलगायी वेचून खातो, उंदीर खातो, सापाची पिलं खातो. सोयाबीन करणाऱ्यांना गोगलगायीनं काय दिवस दाखवलेत ते मराठवाड्यातले मित्र सांगतील. धाकटा म्हणाला की बांधावरची घाणेरी पेटवून देऊ, त्याचं घर तिथंच आहे. मी नको म्हणलं. घाणेरी काढायची तर मुळासकट खणून काढू, पण दिवाळीनंतर, तिच्यात कुणाची पिलं नसताना. नुसतं भारद्वाजावर राग काढायला बांध पेटवायचा नाही.

पोरगी त्या दिवशी जेवली नाही. तिनं वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि "२ उरली" असं लिहिलं. दुपारी तिला परत कॅरेटवर बसायला लागलं, कारण बारा ते एकच्या फेऱ्या राहिल्या होत्या. बुलबुल अर्ध्या तासात चारायला लागले होते. त्या तासाला ९ फेऱ्या, दोन पिलांना. तिसऱ्याच्या वाटणीचंही मिळत असेल, कारण त्यानंतर ती दोन्ही झपाट्यानं वाढली.

आठ दिवसांची मुदत २२ तारखेला संपली. सकाळी धाकटा मुगातून चक्कर मारून आला. पानांना भोकं होती, नाही कशाला म्हणू, पण नव्या पानांना कमी होती. तो म्हणाला, "राहू दे अजून दोन दिवस." मी काही विचारलं नाही.

२४ तारखेला सकाळी सात वाजता एक पिलू घरट्याच्या काठावर उभं होतं. शेपूट नाही म्हणावं इतकी आखूड, बुडाचा लाल ठिपका अजून फिकट. तुटका समोरच्या झाडावर तोंडात नाकतोडा धरून बसला आणि आणायलाच तयार नाही. ये, घे, असं. अर्ध्या तासानं पिलानं उडी टाकली, उडणं म्हणता येणार नाही, आणि ते शेजारच्या झाडाच्या आळ्यात पडलं. दुसरं दुपारी निघालं ते नीट फांदीवर गेलं.

हे आळ्यात पडलेलं पिलू बघून आमच्या गड्यानं ते उचललं आणि टोपलीखाली ठेवायला निघाला, चांगल्या भावनेनं. त्याला थांबवलं. मंडळी, या दिवसांत असं शेपूट नसलेलं, पण पिसं आलेलं पिलू जमिनीवर दिसलं तर ते अनाथ नसतं. आई-बाप तिथंच कुठंतरी तोंडात घास धरून आपण जायची वाट बघत असतात. कुत्रं-मांजर फिरत असेल तर हळूच उचलून जवळच्या झुडपात फांदीवर ठेवायचं आणि निघून जायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. घरी नेऊन दूधपोळी खाऊ घालू नका. दूध पाखराला पचत नाही. आणि पिंजऱ्यात ठेवणं तर कायद्यानंही गुन्हा आहे.

संध्याकाळपर्यंत ते पिलू ठिबकच्या नळीवरून खालच्या फांदीवर, तिथून वर असं चढत गेलं. दोघांना घेऊन घराणं बाभळीत गेलं. आता नीट उडतात, पण अजून पंख थरथरवून तोंड उघडतात, आणि तुटका अजून चारतो.

राहिलेल्या नऊ झाडांवर २६ तारखेला पाठीवरच्या पंपानं तांब्याची फवारणी केली. बारा दिवस उशीर झाला. त्या नऊ झाडांवर नव्या पानांत खैऱ्याचे डाग बाकी बागेपेक्षा जास्त दिसतायत, दोन झाडांवर चांगलेच. लाल चिंध्या तशाच ठेवल्यात, फळ येईल तेव्हा ही नऊ झाडं वेगळी तोडून, वेगळी मोजून इथं आकडा टाकीन. मुगाला फवारणी शेवटी लागलीच नाही, पण ते पाखरांनी, निंबोळी अर्कानं की पावसाच्या जोरानं, हे एका शेतावरून सांगता येत नाही. कुणी कृषी महाविद्यालयातले असतील तर पुढच्या खरिपात या, अर्ध्या मुगावर जाळी टाकून बघू.

२८ तारखेला घरटं काढलं. बुलबुल एकदा वापरलेल्या घरट्यात सहसा परत येत नाही, म्हणून. पोरीनं वर्तमानपत्रावर ते उसवलं आणि वेगवेगळे ढीग केले. हरळीच्या मुळ्या सगळ्यात जास्त. मुगाच्या वाळक्या काड्या. बाहेरून कोळ्याचं जाळं, त्यानंच सगळं एकत्र चिकटवलेलं. घोड्याच्या केसासारखे काळे केस, ते आमच्या म्हशीच्या शेपटीचे निघाले. कांद्याच्या गोणीचा लाल दोरा, एक वीत. आणि मल्चिंग पेपरच्या सहा पट्ट्या, करंगळीएवढ्या, गेल्या वर्षी कलिंगड काढल्यावर शेतात राहून गेलेल्या. त्या सहाही तिनं वहीला चिकटवल्यात आणि खाली लिहिलंय, "बाबांचं शेत".

उद्या तो मल्चिंग पेपर वेचायला घेतोय, धाकटाही येणार आहे.